इंग्लंडच्या खेड्यात घर: गुलाबाच्या वेलीमागे काय बघायचं

आम्ही पहिल्यांदा ज्या घराच्या प्रेमात पडलो त्याच्या दारावर गुलाबाचा वेल होता, छपरावर गवत होतं आणि मागच्या बागेतून सार्वजनिक पाऊलवाट जात होती. वेल आणि छप्पर जाहिरातीच्या फोटोत होतं, पाऊलवाट नव्हती. ते घर आम्ही घेतलं नाही. पण तेव्हा लक्षात आलं की इथल्या खेड्यातल्या घराच्या खऱ्या भानगडी जमिनीखाली असतात, कागदांत असतात, नाहीतर वारा फिरला की ऐकू येतात.

लंडन, रेडिंग, बर्मिंगहॅमकडची बरीच मराठी मंडळी हल्ली विचारतात, “तुम्ही तिकडे खेड्यात कसं काय घर घेतलंत?” त्यांच्यासाठी हे सगळं एकदाच लिहून टाकतो. हे फक्त इंग्लंडपुरतं आहे, स्कॉटलंडमधली पद्धत वेगळी. उदाहरणं बरीचशी नैऋत्य इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातली, कारण आम्ही तिथल्या पेव्सीच्या खोऱ्यात राहतो.

आधी शांतता तपासा

सुंदर गाव शांत असेलच असं नाही. कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी बघा. आर्लिंग्टन रोची ती जुनी दगडी घरं बघायला उन्हाळ्यात पर्यटकांच्या बसगाड्यांची रीघ लागते. तिथे राहायचं तर आपल्या खिडकीबाहेर रोज कुणीतरी सेल्फी काढणार हे धरूनच चालायचं. सफोकमध्ये लेकनहीथच्या आसपास अमेरिकी लढाऊ विमानं डोक्यावरून जातात. आमच्या खोऱ्याच्या दक्षिणेला सॉल्झबरी प्लेन आहे, सुमारे ३८,००० हेक्टरचं लष्करी सरावाचं मैदान. तोफा चालू असल्या की आमच्या स्वयंपाकघरातली भांडी किणकिणतात. लष्कर सरावाच्या वेळा आधी जाहीर करतं आणि आता आम्हाला त्याची सवय झाली आहे. पण घर बघायला आलो त्या रविवारी तोफा गप्प होत्या, आणि एजंट त्याबद्दल स्वतःहून बोलला नाही. त्याचं तरी काय चुकलं? तो विकणाऱ्याचा माणूस.

म्हणून कुठलंही गाव किमान तीनदा बघा. कामाच्या दिवशी सकाळी आठला जा, म्हणजे गावातला अरुंद रस्ता शॉर्टकट म्हणून किती गाड्या वापरतात ते कळेल. शनिवारी रात्री जा, पबच्या अंगणात उभे राहा. आणि एकदा फेब्रुवारीत, पाऊस पडून गेल्यावर जा. ही तिसरी फेरी सगळ्यात महत्त्वाची.

फेब्रुवारीच का, तर आमच्या भागात जमिनीखाली खडूचा मऊ, पांढरा खडक आहे. आपण गावठाणाला ‘पांढरी’ म्हणतो, इथे ती खरोखर पांढरी आहे. हिवाळ्यात हा खडू स्पंजासारखा पाणी पितो, भूजल वर चढतं आणि उन्हाळ्यात ठणठणीत कोरडे असलेले ओढे वाहू लागतात. अशा ओढ्याला इथे ‘विंटरबोर्न’ म्हणतात. एव्हबरीजवळच्या विंटरबोर्न मंकटन, विंटरबोर्न बॅसेट या गावांच्या नावातच ते लिहिलेलं आहे. जुलैत जी हिरवळीची सुंदर खोलगट पट्टी दिसते ती फेब्रुवारीत ओढा असू शकते. सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून पुराचा धोका फुकट बघता येतो. त्यात नदीचं, पावसाचं आणि भूजलाचं पाणी वेगवेगळं दाखवतात, तिन्ही बघा. धोका असेल तर विम्याचा आकडा आधी मागवा. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडणारा विमा मिळावा म्हणून २०१६ पासून ‘फ्लड री’ नावाची योजना आहे, पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं तिच्यात बसत नाहीत. म्हणजे पुराच्या बाबतीत नवं घर सुरक्षित, हा आपला नेहमीचा हिशेब इथे उलटा पडू शकतो.

गाव चालतं कसं

चर्च, पब, शाळा, दुकान, हॉल: या पाचांपैकी काय चालू आहे ते बघा. पब आणि शाळा दोन्ही बंद पडलेल्या गावात दहा वर्षांनी कोण उरेल याचा अंदाज तुम्हीच करा. अनेक ठिकाणी गावकऱ्यांनीच भागभांडवल घालून दुकान किंवा पब चालवायला घेतलेला असतो. असं गाव दिसलं की मी मनातल्या मनात दहा गुण जास्त देतो.

बस दिवसातून दोनदा येत असेल आणि रविवारी येतच नसेल. तेव्हा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला गाडी चालवता आली पाहिजे. भारतातून नुकतं आलेलं कुणी असेल तर लक्षात ठेवा, भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतं. नंतर शिकाऊ लायसन्स काढून लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा द्यावी लागते. खेड्यात लायसन्सशिवाय घरात बसलेल्या बायकोचा किंवा नवऱ्याचा पहिला हिवाळा फार वाईट जातो, आणि डिसेंबरात चारलाच अंधार पडतो. रस्त्यावर दिवे नसतात. टॉर्च दाराजवळ ठेवायचा.

मोबाइलचं सिग्नल घराच्या आत, प्रत्येक खोलीत, स्वतःच्या फोनवर बघा. ब्रॉडबँडचा वेग पत्त्यानुसार ऑफकॉमच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, साइटवर दिसतो. जुन्या तांब्याच्या तारांवरचे लँडलाइन फोन जानेवारी २०२७ पर्यंत बंद होणार आहेत आणि पुढे घरचा फोनही इंटरनेटवरूनच चालेल. त्यामुळे वीज गेली की फोनही जाईल. जिथे मोबाइल चालत नाही तिथे राउटरला बॅटरी जोडून ठेवणं गरजेचं आहे. वीज गेल्यावर तक्रारीचा नंबर देशभर एकच, १०५.

दवाखान्याबद्दल एक छोटी पण उपयोगी गोष्ट. घर औषधाच्या दुकानापासून सुमारे एक मैलापेक्षा लांब असेल तर खेड्यातले अनेक जीपी (फॅमिली डॉक्टर) दवाखाने औषधंही स्वतःच देतात. नाव नोंदवताना विचारा.

जमलं तर घर घेण्याआधी त्याच परिसरात वर्षभर भाड्याने राहा. भाड्याची घरं खेड्यात कमी असतात, शोधायला वेळ लागतो. आम्ही राहिलो आणि त्या वर्षात दोन गावं यादीतून काटली. एकात शेजारच्या गोठ्याचं शेणपाणी शेतात पसरलं की आठवडाभर खिडकी उघडवत नव्हती. दुसऱ्याचं कारण आमचं आम्हालाच नीट सांगता येत नाही, पण वर्षभरात तिथे कुणाशी चार वाक्यं बोलणं झालं नाही.

पुण्यातला फ्लॅट इथे आडवा येतो

मला सगळ्यात जास्त फोन याच एका विषयावर येतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

इंग्लंडमधली स्टॅम्प ड्युटी टप्प्याटप्प्याने लागते. १ एप्रिल २०२५ पासून पहिल्या १,२५,००० पौंडांवर शून्य, त्यापुढे २,५०,००० पर्यंत २ टक्के, आणि त्यापुढे ९,२५,००० पर्यंत ५ टक्के. पहिलंच घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत शून्य आणि त्यापुढे ५,००,००० पर्यंत ५ टक्के. किंमत पाच लाखांच्या वर गेली की ही सवलत पूर्ण जाते.

‘पहिलं घर’ म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, जगातलं पहिलं. कोथरूडला तुमच्या नावावर वन बीएचके असेल, किंवा वडिलांच्या पश्चात वारसा हक्काने घरात हिस्सा आलेला असेल, तर तुम्ही पहिल्यांदा घर घेणारे नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघांनीही पूर्वी कधी घर घेतलेलं नसावं लागतं. त्यावर आणखी एक गोष्ट: जगात कुठेही तुमचं ४०,००० पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं घर असेल आणि तुम्ही राहतं घर विकून हे घेत नसाल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के अधिभार लागतो. नवरा-बायको इथे एकच धरतात.

चार लाख पौंडांच्या घरावर हिशेब असा होतो. खरोखर पहिलं घर: ५,००० पौंड. साधा दर: १०,०००. पुण्यात फ्लॅट आणि इथे आतापर्यंत भाड्याने: ३०,०००. वारशाने आलेल्या छोट्या हिश्श्याला या अधिभारातून काही काळ सूट मिळू शकते, पण त्याला अटी आहेत. भारतातली सगळी मालमत्ता, गावच्या घरातल्या हिश्श्यासकट, सॉलिसिटरला (खरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलाला) पहिल्याच ईमेलमध्ये लेखी सांगा. खरेदीआधीच्या १२ महिन्यांत १८३ दिवस तुम्ही ब्रिटनमध्ये नसाल तर आणखी २ टक्के वाढतात.

आई-वडील भारतातून मदत करणार असतील तर तेही लवकर सुरू करा. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे आणि त्यासाठी बँक प्राप्तिकराचे फॉर्म मागते. इथला सॉलिसिटर पैशाचा उगम विचारतो: पगार, एफडी, विकलेली जमीन, सगळ्याचा कागद. पैसे भेट दिले आहेत, परत मागणार नाही आणि घरावर हक्क सांगणार नाही, असं आई-वडिलांचं सही केलेलं पत्र लागतं. आमच्या वेळी एका एफडीच्या पावतीवर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं. त्यात अकरा दिवस गेले.

घर बघताना: खाली, मग वर, मग भिंती

एजंट दिवाणखाना दाखवायला उत्सुक असतो. तुम्ही मैलापाणी कुठे जातं ते विचारा. खेड्यात अनेक घरांना सार्वजनिक गटार नसतं, सेप्टिक टँक असते. तिच्यातलं पाणी छिद्रांच्या नळ्यांमधून जमिनीत मुरवलं तर ठीक. ते थेट ओढ्यात किंवा चरात सोडण्याला १ जानेवारी २०२० पासून बंदी आहे. जुन्या टाक्या अजूनही अशा सापडतात, आणि त्या बदलून छोटं शुद्धीकरण यंत्र बसवायचं म्हणजे हजारो पौंड. टाकी कुणाच्या जमिनीत आहे, शेजाऱ्याबरोबर सामाईक आहे का, शेवटची कधी उपसली, याची उत्तरं लेखी घ्या. घराची तपासणी करणारा सर्व्हेयर टाकीच्या आत बघत नाही, त्यासाठी वेगळा माणूस बोलवावा लागतो. बोलवा.

मग तापवण्याची सोय. पाइपचा गॅस नसेल तर बहुधा तेलाचा बॉयलर असतो. आणि ते ‘हीटिंग ऑइल’ म्हणजे दुसरं काही नसून रॉकेल. रेशनच्या रांगेत डबा घेऊन उभं राहिलेल्या पिढीला इथे टँकरने रॉकेल घरी येताना बघून गंमत वाटते. टाकी दुहेरी भिंतीची आहे का आणि गंजली आहे का, ते बघा. हीट पंप (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली ऊब घरात आणणारं विजेचं यंत्र) बसवायचा विचार असेल तर बॉयलर अपग्रेड योजनेत ७,५०० पौंडांचं अनुदान मिळतं. मात्र जाड भिंतींच्या गळक्या जुन्या घरात आधी ऊब राखण्याची कामं करावी लागतात.

छपरावर गवत असेल तर शाकारणी आली. कोकणात दरवर्षी होत असे तशी नव्हे. इथलं गव्हाचं काड किंवा वेत-लव्हाळ्याचं छप्पर दशकानुदशकं टिकतं, पण माथ्यावरची पट्टी दर दहा-पंधरा वर्षांनी नवी करावी लागते. शेवटचं काम कधी झालं आणि कुणी केलं, त्याची पावती मागा. अशा छपराला विमा देणाऱ्या कंपन्या थोड्या, आणि लाकडाची शेगडी असेल तर धुराड्याबद्दल त्यांच्या अटी कडक. घर ठरवण्याआधी विम्याचा आकडा हातात हवा.

भिंतींबद्दल पुण्याच्या वाड्यांत वाढलेल्यांना फार सांगायला नको. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते. खडूच्या, मातीच्या किंवा दगडी भिंतीवर मागच्या मालकाने सिमेंटचं प्लॅस्टर आणि प्लॅस्टिकचा रंग चढवला असेल तर ओल आतच कोंडते. मग कुणीतरी येऊन ‘डॅम्प’वर रासायनिक इंजेक्शनांचा इलाज सुचवतो. बहुतेक वेळा खरा इलाज सिमेंट काढून पुन्हा चुना लावणं आणि बाहेरची माती जोत्याच्या खाली आणणं हाच असतो.

जुन्या घरासाठी सर्व्हे तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात सखोल, पातळीचाच करा, आणि जुनी घरं जाणणाऱ्या सर्व्हेयरकडून. बँक जे मूल्यांकन करते ते बँकेसाठी असतं. कॉर्नवॉल किंवा डेव्हनकडे घर बघत असाल तर जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा नकाशाही बघा. खोलीत ठेवायचं साधं मापक मिळतं, तीन महिने ठेवायचं. पातळी घनमीटरला २०० बेकरेलच्या वर असेल तर उपाय करावा, असा सल्ला असतो.

कागद

घर ‘लिस्टेड’, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित, आहे का हे हिस्टॉरिक इंग्लंडच्या यादीत फुकट कळतं. बहुतेक घरं ग्रेड टू या सगळ्यात खालच्या श्रेणीत असतात, पण म्हणून नियम सौम्य होत नाहीत. खिडकी बदलणं, आतली भिंत काढणं, जुनी चूल बुजवणं, अशा कामांना परवानगी लागते आणि विनापरवाना काम हा फौजदारी गुन्हा आहे. त्यातही मेख अशी की मागच्या मालकाने विनापरवाना केलेलं काम दुरुस्त करायची नोटीस तुमच्या नावावर येऊ शकते, त्याला मुदत नाही. तेव्हा नव्या दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा परवाना मागा.

सातबारासारखं इथे लँड रजिस्ट्रीचं टायटल (मालकीची नोंद) असतं, काही पौंडांत कुणालाही उतरवून घेता येतं. त्यातल्या नकाशावरची लाल रेघ मात्र मोजणीची हद्द नव्हे, ढोबळ हद्द असते. बांधावरची भांडणं इथेही होतात, फक्त आवाज न चढवता आणि वकिलांमार्फत. संपूर्ण देशात विक्रीनंतर नोंदणी सक्तीची झाली ती १ डिसेंबर १९९० पासून. त्याआधीपासून एकाच कुटुंबात असलेलं घर रजिस्ट्रीत नसेलही, सगळं जुन्या दस्तांवर. घाबरायचं कारण नाही, वेळ जास्त धरा.

सॉलिसिटरला या गोष्टी नाव घेऊन विचारा. पाऊलवाट किंवा घोडेवाट आवारातून जाते का? ती आपल्या पाणंदीसारखी आहे, बुजवता येत नाही. घराचा काही भाग शेजाऱ्याच्या खोलीवर आहे का? जुन्या चाळवजा कॉटेजेसमध्ये असं असतं आणि काही बँका कर्ज नाकारतात. घरावर शेतीकामगाराची अट आहे का? बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त घर दिसलं तर बहुधा हेच कारण. तिथे शेतीत काम करणाऱ्यानेच, किंवा तसं काम करून निवृत्त झालेल्याने, राहायचं असतं.

आणि चर्चच्या दुरुस्तीचा भार. ऐकायला गोष्टीसारखं वाटतं, पण मध्ययुगापासून काही जमिनींवर गावच्या चर्चचा पुढचा भाग दुरुस्त करण्याची जबाबदारी आहे. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कँटलो इथे एका जोडप्याकडे सुमारे ९५,००० पौंड मागितले गेले, प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेलं आणि २००३ मध्ये ते हरले. ऑक्टोबर २०१३ नंतर नोंद नसलेला भार नव्या खरेदीदारावर सहसा येत नाही. तरी सॉलिसिटर तपासणी किंवा छोटा विमा सुचवेल, हो म्हणा.

इसार शेवटी

आपल्याकडे इसार दिला की निम्मा व्यवहार झाला. इथे तुमची ऑफर स्वीकारली तरी कुणीच बांधलेलं नसतं. विकणारा दुसऱ्याची जास्त किंमत घेऊ शकतो, तुम्हीही माघार घेऊ शकता. खरा करार ‘एक्सचेंज’च्या दिवशी होतो, तेव्हा साधारण १० टक्के रक्कम जाते आणि त्यानंतर मागे फिरलात तर ती बुडते. ऑफर ते एक्सचेंज चार-पाच महिने सहज जातात, कारण विकणारा दुसरं घर घेत असतो, त्याचा विकणारा तिसरं, अशी साखळी असते. त्यात एक कडी अडली की सगळे थांबतात. घराचा विमा एक्सचेंजच्या दिवसापासून तुमचा हवा. किल्ली मात्र एक्सचेंजला नव्हे, ‘कम्प्लिशन’ला, म्हणजे उरलेले पैसे देऊन ताबा घ्यायच्या दिवशी मिळते. स्टॅम्प ड्युटीचं विवरण त्यापुढे १४ दिवसांत भरायचं, ते सॉलिसिटरच करतो.

राहायला गेल्यावर

पहिल्या आठवड्यात दोन्ही बाजूंची दारं स्वतः वाजवा. वाट बघत बसलात तर तेही वाट बघत बसतील. पॅरिश कौन्सिलची सभा म्हणजे ग्रामसभाच. खड्डे, कुत्र्यांची घाण आणि नव्या घरांना विरोध हे तीन विषय प्रत्येक सभेत. पहिले सहा महिने ऐका. चर्चच्या घंटांचा सराव आठवड्यातून एका संध्याकाळी असतो, कापणीच्या दिवसांत शेतातली यंत्रं मध्यरात्रीपर्यंत चालतात. या दोन्हींबद्दल तक्रार करणारा नवखा माणूस गावात फार काळ लक्षात राहतो. क्रिकेटच्या संघाला अकरावा गडी नेहमी हवा असतो आणि तुम्ही भारतीय म्हणजे तुम्हाला येतंच, असं सगळे धरून चालतात. मला येत नाही. तरी तीन मोसम खेळलो.

अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की मागे घेण्याचा सराव करा आणि हात वर करून आभार मानायला विसरू नका. घोडा दिसला तर ताशी दहा मैलांच्या आत, किमान दोन मीटर अंतर सोडून. गाव संवर्धन क्षेत्रात असेल तर तुमच्याच बागेतलं झाडही सरळ तोडता येत नाही, कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. कढीपत्ता, ताजी मेथी आणि नारळ यांसाठी आम्ही महिन्यातून एकदा स्विंडनला जातो. तिथे गोव्याचे लोक इतके आहेत की दुकानात कोकणी कानावर पडते आणि बांगडाही मिळतो. बांगडा तळायचा दिवस वाऱ्याची दिशा बघून ठरवतो, तो भाग वेगळा.

रॉकेल उन्हाळ्यात भरून घ्या. किमान ५०० लिटर घ्यावं लागतं आणि थंडीत भाव चढतो. बहुतेक गावांत सगळ्यांची मागणी एकत्र करून टँकर मागवणारी एखादी आजी असते. आमच्याकडे ती ऑगस्टच्या शेवटी वही घेऊन दारात येते. पहिल्या वर्षी आम्ही शनिवारवाड्याच्या थाटात “बघू, कळवतो” म्हणालो, आणि जानेवारीत लिटरमागे काय मोजलं ते तिला अजून सांगितलेलं नाही.